डागाचा हिशेब

‘माला-एन’च्या पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ पांढऱ्या आणि ७ तपकिरी. पांढऱ्यांत संप्रेरकं, तपकिरींत नुसतं लोह. पांढऱ्या संपून तपकिरी सुरू झाल्या की दोन-तीन दिवसांत रक्त जातं आणि बाई म्हणते, पाळी आली. डॉक्टरांच्या लेखी ती खरी पाळी नसते. बाहेरून मिळणारी संप्रेरकं अचानक थांबतात, त्यामुळे गर्भाशयाचं अस्तर सुटतं, एवढंच. ही महिन्याच्या महिन्याला येणारी ‘पाळी’ १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी विचार करून ठरवली. मात्र त्यांच्या ठरवण्यात नसलेलं रक्तही गोळीबरोबर आलं. पांढऱ्या गोळ्या चालू असतानाच, महिन्याच्या मधल्याच एखाद्या दिवशी, लुगड्याला किंवा सलवारीला दिसणारा डाग. बहुतेकींना तो पहिल्या दोन-तीन पाकिटांपुरता दिसतो आणि मग थांबतो. गोळीचा परिणाम त्याने कमी होत नाही. तरीही संततिनियमनाच्या साधनांचं आपल्याकडे काय झालं, हे या डागाने जेवढं ठरवलं तेवढं भल्याभल्या योजनांनी ठरवलं नाही.

त्याचं कारण समजून घ्यायला घरात डोकवावं लागतं. भोरहून वरंध घाटाकडे निघालं की नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने रस्ता जातो. त्याच वाटेवर हिर्डोशी लागतं. हा जुना हिरडस मावळ, बांदल देशमुखांचा आणि शिंदच्या बाजीप्रभूंचा मुलूख. डोंगरउतारावरची भातखाचरं, लांब लांब पडलेल्या वाड्या, माथ्यावर धनगरांची घरं. शेजारच्या वेल्ह्यातही, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, हीच तऱ्हा. आषाढात लावणी सुरू झाली की बाया दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात. अशा ठिकाणी महिन्याचे चार दिवस ठरलेले असतात आणि ते साऱ्या घराला ठाऊक असतात. कावळा शिवला, बाहेर बसली, अडचण आली, असं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. चुलीला हात नाही, देवाला नाही, पाण्याच्या हंड्याला नाही. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की मोकळी. आता पुष्कळ घरांत हे सैल झालंय, पुष्कळ घरांत चुलीपुरतं गेलंय आणि देवापुरतं उरलंय. पण ज्या घरात ते पाळतात तिथे तेराव्या किंवा सतराव्या दिवशी डाग दिसला तर करायचं काय? पुन्हा बाहेर बसायचं की गप्प राहायचं? सासूला सांगायचं तर गोळीचंही सांगावं लागतं. न सांगावं तर देवाचं काही चुकलं ही टोचणी. गोळी तयार करणाऱ्यांच्या वहीत या प्रश्नाला रकाना नव्हता.

संततिनियमनाचं काम महाराष्ट्रात सुरू झालं तेव्हा गोळी हा शब्दच कुणाच्या डोक्यात नव्हता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं चिकित्सालय उघडलं होतं. कर्वे गणिताचे प्राध्यापक. या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. १९२७च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरण येईपर्यंत ते चालवलं. वाचकांच्या खासगी प्रश्नांना त्यात रोखठोक उत्तरं मिळत. त्याच प्रश्नोत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. खटला हरला, दंड झाला, मासिक चालूच राहिलं. पुढे १९३८ मध्ये संततिनियमनाची साधनं सरकारने उपलब्ध करून द्यावीत असा ठराव आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत मांडला. तोही नामंजूर झाला.

कर्व्यांच्या काळातली साधनं म्हणजे रबरी टोपी, पडदा, निरोध, शुक्राणू मारणारी रसायनं. ही सगळी बाहेरून वापरायची होती. फसली तर फसली, पण ती पाळीच्या वाटेला जात नव्हती. वापरायला अवघड, धुवायला-ठेवायला अवघड, नवऱ्याची मर्जी सांभाळणं त्याहून अवघड, अशा त्यांच्याविषयीच्या तक्रारी. रक्ताची तक्रार त्यांत नव्हती.

वाद होता तो नीतीचा. १९३५च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटल्या. गांधीजी संयमावर ठाम राहिले, सँगरबाई साधनांवर. त्याच सुमारास सोलापूर आणि मुंबईत डॉ. ए. पी. पिल्ले या विषयावर काम करत होते. पुण्यात शकुंतला परांजपे यांनी संततिनियमनाचा प्रचार अंगावर घेतला, लोकांची कुजबूज आणि टवाळी सोसली, पुढे विधान परिषदेत आणि १९६४ पासून राज्यसभेतही तो विषय नेला.

१९५२च्या नोव्हेंबरात मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरली. धन्वंती रामा राव यजमान होत्या, सँगर आल्या होत्या. जगभरच्या कुटुंबनियोजन संस्थांचा महासंघ त्याच परिषदेत स्थापन झाला. त्याच वर्षी भारताने कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम हाती घेतला, असं करणारा तो जगातला पहिला देश. पण हाती साधन काय होतं? सरकारने पहिल्यांदा निवडली ती सुरक्षित दिवस मोजायची पद्धत. दिल्लीत आणि म्हैसूर राज्यातल्या रामनगरम इथे तिचे प्रयोग झाले आणि बायकांना दिवस मोजण्यासाठी रंगीत मण्यांच्या माळा दिल्या गेल्या. रोज एक मणी सरकवायचा. या पद्धतीचा सारा डोलारा पाळी वेळच्या वेळी येण्यावर उभा होता. पाळी पुढेमागे झाली की माळ निरुपयोगी. प्रयोग फार पुढे गेले नाहीत. कोलकात्यात डॉ. एस. एन. सन्याल वाटाण्यापासून मिळणाऱ्या द्रव्याची गर्भनिरोधक गोळी करू पाहत होते. तीही मागे पडली.

त्याच वेळी जगाच्या दुसऱ्या टोकाला खरी गोळी आकाराला येत होती आणि तिची सुरुवात एका कंदापासून झाली. हिरडस मावळात थंडीत करांदे खणून उकडून खातात. त्याच कुळातला एक रानकंद मेक्सिकोत मिळतो. त्याच्यातल्या द्रव्यापासून १९५१ मध्ये मेक्सिको सिटीतल्या सिन्टेक्स कंपनीत कार्ल जेरासी यांच्या हाताखाली काम करणाऱ्या लुईस मिरामोंतेस या तरुणाने नॉरएथिस्टेरॉन तयार केलं. थोड्याच काळात अमेरिकेतल्या सर्ल कंपनीत फ्रँक कोल्टन यांनी त्याच्याशी नातं सांगणारं नॉरएथिनोड्रेल बनवलं. संशोधक ग्रेगरी पिंकस आणि स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन रॉक यांनी चाचण्यांसाठी हे दुसरं उचललं. दोन्ही द्रव्यं प्रोजेस्टेरॉनसारखी वागतात आणि बीज बाहेर पडू देत नाहीत. पिंकस-रॉक जोडीने गोळी वीस दिवस द्यायची आणि मग थांबवायची असं ठरवलं. थांबवल्यावर रक्त जाईल, बाईला आपण गरोदर नाही अशी खात्री पटेल आणि गोळी ‘नैसर्गिक’ वाटेल, असा हिशेब होता.

इथेच डागाची गोष्ट सुरू होते. सर्लच्या सुरुवातीच्या औषधात मेस्ट्रॅनॉल या इस्ट्रोजेनची थोडी भेसळ आढळली. तयार करण्याच्या प्रक्रियेत ती आपोआप मिसळत होती. शुद्ध औषध हवं म्हणून ती काढून टाकली, तर बायकांना महिन्याच्या मधेच रक्त जायचं प्रमाण वाढलं. मग संशोधकांनी ती ‘अशुद्धी’ मोजूनमापून परत घातली. जगातली पहिली गर्भनिरोधक गोळी एनोव्हिड अशी दोन द्रव्यांची झाली, ९.८५ मिलिग्रॅम नॉरएथिनोड्रेल आणि ०.१५ मिलिग्रॅम मेस्ट्रॅनॉल. गोळीत आजही दोन संप्रेरकं असतात, त्याच्या मुळाशी हा डाग थांबवायची धडपड आहे.

हे घडतं कसं? पाळीनंतर इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचं अस्तर भरतं, जाड होतं. गोळीतलं प्रोजेस्टेरॉनसारखं द्रव्य त्याला वाढू देत नाही. अस्तर पातळ पडतं, त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात. इस्ट्रोजेनचा आधार पुरेसा नसेल, तर नीट न बसलेल्या सारवणाचे जसे पोपडे इथून-तिथून सुटतात, तसं ते ठिकठिकाणी सुटतं आणि थोडं थोडं रक्त येतं. दोन-तीन महिन्यांत शरीराला नव्या मात्रेची सवय झाली की अस्तर सगळीकडे सारखं पातळ होतं आणि डाग थांबतात. गोळी चुकली, दोन दिवसांच्या गोळ्यांत तीस-पस्तीस तासांचं अंतर पडलं, तर संप्रेरकं खाली येऊन हेच पुन्हा घडतं. म्हणून गोळी रोज एकाच वेळेला घ्यायची, रात्री जेवण झाल्यावर म्हणा किंवा झोपताना.

१९५६ मध्ये पोर्तो रिको बेटावर रिओ पिएद्रास इथे पहिली मोठी चाचणी झाली. तिथल्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी कळवलं की गोळी गर्भ रोखते हे नक्की, पण मळमळ, गरगरणं, डोकेदुखी, उलट्या अशा तक्रारी सतरा टक्के बायकांनी केल्या आणि एवढ्या त्रासाची गोळी सरसकट चालणार नाही. पिंकस यांना हे पुष्कळसं मनाचे खेळ वाटले. गोळीविषयीच्या त्रासाला ‘मनाचे खेळ’ म्हणायची रीत तेव्हापासूनची. १९५७ मध्ये अमेरिकेत एनोव्हिडला परवानगी मिळाली ती पाळीच्या तक्रारींवरचं औषध म्हणून. अचानक लाखो बायकांच्या पाळीच्या तक्रारी सुरू झाल्या. गर्भनिरोधक म्हणून उघड परवानगी यायला १९६० उजाडलं.

पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या एका डॉक्टरने ‘लॅन्सेट’ला पत्र लिहिलं. गोळी घेणाऱ्या एका नर्सच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली होती. तसे अनुभव वाढत गेले आणि १९६८ पर्यंत ब्रिटिश अभ्यासांनी गुठळीचा धोका गोळीशी जोडून दाखवला. १९६९च्या अखेरीस ब्रिटनच्या औषध समितीने ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या टाळा, असं सांगितलं. पहिल्या एनोव्हिडमध्ये १५० मायक्रोग्रॅम होतं. आजच्या माला-एनमध्ये ३० आहे, शिवाय ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल. गोळी सुरक्षित झाली ती इस्ट्रोजेन कमी करून, आणि इस्ट्रोजेन कमी झालं तसे सुरुवातीचे डाग वाढले. आजची बाई पहिल्या महिन्यात जो डाग पाहते, तो त्या सुरक्षिततेची किंमत आहे. हे तिला सांगायला फार कमी लोक पुढे येतात.

भारत सरकारने १९६०च्या दशकात मात्र गोळीवर भर दिला नाही. रोज आठवणीने घ्यायची, महागडी, डॉक्टरांच्या देखरेखीची वस्तू खेड्यापाड्यांत कशी पोचवायची, हा प्रश्न होता. मुंबईत १९५४ पासून गर्भनिरोधकांची चाचणी घेणारं सरकारी केंद्र चालू होतं. त्यातूनच १९७० मध्ये परळची इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन उभी राहिली. तपासणी, चाचण्या, कागद सारं होतं. सार्वत्रिक वापरासाठी निवड झाली ती लूपची.

लूप म्हणजे अमेरिकेतल्या बफेलोच्या डॉ. जॅक लिप्स यांनी शोधलेली प्लॅस्टिकची वेटोळी. नागमोडी दोन वळणांची, खाली नायलॉनचा दोरा. नळीत सरळ करून आत सारायची, आत गेली की पुन्हा वेटोळं. एकदा बसवली की विसरून जा, असं सांगून १९६५ मध्ये देशभर मोहीम सुरू झाली. कानपूरला लूपचा कारखाना निघाला. गावोगाव शिबिरं भरली, बसवणाऱ्यांना, आणणाऱ्यांना पैसे मिळू लागले. पहिल्या दोन वर्षांत सतरा लाखांच्या घरात लूप बसल्या. तिसऱ्या वर्षी आकडा घसरला आणि घसरतच गेला. कारण साधं होतं. लूपने पाळीत रक्त जास्त जातं, पाळी लांबते, कंबर भरून येते. आधीच रक्त कमी असलेल्या, दिवसभर उन्हापावसात राबणाऱ्या बाईला हे झेपणारं नव्हतं. अंगावरून जातंय म्हणून ती केंद्रावर आली तर शिबिर उठून गेलेलं असे. मग दाईकडून किंवा स्वतःच दोरा ओढून लूप काढली जाई. लूप काळजापर्यंत चढते, नवऱ्याला लागते, अशा वावड्या त्यानंतर उठल्या. अफवांनी मोहीम बुडवली असं सरकारी कागद म्हणतात. पण अफवा पसरायच्या आधी रक्त गेलं होतं, आणि त्याला उत्तर द्यायला कुणी जागेवर नव्हतं.

पुढे तांब्याची टी आली. खेड्यात तिला तांबी म्हणतात. ती लूपपेक्षा बरी, पण लूपची आठवण तिच्याही वाट्याला आली. ‘तांबी बसवली की अंगावर जातं’ हे वाक्य अजून ऐकू येतं. गोळीविषयीची वाक्यं वेगळी: गोळ्या गरम पडतात, उष्णता होते, पोटात गोळ्यांची गाठ होते, पुढे मूल राहत नाही. औषधशास्त्रात यांतल्या एकालाही आधार नाही. मात्र मधेच दिसलेल्या रक्ताचा अर्थ लावायला आयुर्वेदापासून आजीपर्यंत सगळ्यांकडे जी भाषा होती ती उष्णतेची, आणि डाग दिसला की हीच भाषा पुढे येणार.

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह दहा देशांत केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच हजारांहून जास्त बायकांना पाळीविषयी विचारलं होतं. पाळीच बंद करणारं साधन तुम्हाला चालेल का? बहुतेकींचं उत्तर होतं, नाही. पाळी जास्त नको, कमी नको, आहे तशी राहू द्या. पाच वर्षांनी त्याच संघटनेच्या संशोधकांनी गर्भनिरोधकांच्या चाचण्यांत रक्तस्राव मोजण्याची पद्धत घालून दिली: ९० दिवसांची नोंदवही, रोज एक खूण, रक्त नाही, डाग, रक्त. मराठी घरात अशी नोंद बायका आधीपासून ठेवत आल्या आहेत, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, कालनिर्णयच्या चौकोनात टिंब किंवा फुली मारून. शास्त्राला ही नोंद मोलाची वाटायला पहिल्या गोळीनंतर जवळपास तीस वर्षं लागली.

ज्या द्रव्याने रक्त मधेच येतं, त्याच द्रव्याने ते हवं तेव्हा थांबवताही येतं, हे दुकानदारांना आणि बायकांना लवकर कळलं. गौरी-गणपती, घरचं लग्न, सत्यनारायण, पंढरीची वारी आली की औषधाच्या दुकानात ‘पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या’ मागितल्या जातात. त्या असतात नॉरएथिस्टेरॉनच्या, मेक्सिकोतल्या रानकंदातून निघालेल्या त्याच द्रव्याच्या. रोज पाच मिलिग्रॅमची गोळी दोन-तीनदा, सण संपेपर्यंत. सण सरला, गोळ्या बंद केल्या की दोन-तीन दिवसांत पाळी. गर्भनिरोधक गोळीला नाक मुरडणारी सासूही या गोळ्या सुनेला आणून देते. संप्रेरकांची भीती इथे आड येत नाही, कारण इथे रक्त देवाच्या वेळापत्रकात बसवायचं असतं.

याच गुणाचा दुरुपयोगही झाला. दिवस गेलेत की नाही हे कळावं म्हणून इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या जबर मात्रेची इंजेक्शनं आणि गोळ्या सर्रास दिल्या जात. रक्त आलं तर गर्भ नाही, न आलं तर आहे. गर्भ असला तर त्याला धोका. स्त्री संघटना, मेडिको फ्रेंड सर्कलसारखे डॉक्टरांचे गट आणि औषधविषयक चळवळींनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला. बंदी कागदावर आली, न्यायालयात अडकली आणि अखेर १९८८ मध्ये लागू झाली. त्याच दशकात इंजेक्शनच्या गर्भनिरोधकांवरून ठिणगी पडली. १९८५ मध्ये हैदराबादजवळच्या पटनचेरू इथल्या चाचणीत बायकांना नेट-एन या औषधाबद्दल पुरतं सांगितलं जात नव्हतं, हे स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांनी पाहिलं आणि पुढच्या वर्षी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पाळी विस्कळीत होणं, रक्त जाणं, बंद होणं हे त्या औषधाचे सर्वांत ठळक परिणाम, आणि तेच आधी सांगितले जात नव्हते.

सरकारी गोळी घराघरांत पोचली ती १९८७ पासून, माला-एन आणि माला-डी या नावांनी. एक केंद्रावर फुकट, दुसरी दुकानात नाममात्र किमतीला. दूरदर्शनवर माला-डीची जाहिरात लागली की घरातली मोठी माणसं घसा खाकरत. जाहिरातीत हसतं कुटुंब होतं. पहिल्या पाकिटात काय होऊ शकतं, ते पाकिटातल्या कागदावर होतं आणि वाचता येणाऱ्या बाया तेव्हा कमी होत्या.

बायका हे सगळं कुणाला सांगत होत्या? १९८९च्या जानेवारीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा गडचिरोली जिल्ह्यातला अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी झाली होती. ९२ टक्क्यांना स्त्रीरोगाची काही ना काही तक्रार होती आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. पाळीच्या तक्रारी त्यांत होत्याच. गर्भनिरोधकांमुळे काही तक्रारी वाढलेल्या दिसल्या, पण बहुतेक त्रासाचं कारण ते नव्हतं. कुटुंबनियोजनाचं पथक गावात येत होतं, जात होतं. बाईच्या अंगावरून काय जातंय हे मात्र कुणी विचारलेलं नव्हतं. अशा बाईला गोळी द्यायची आणि आलेला डाग गोळीचा की जुन्या जंतुसंसर्गाचा, हे ती ओळखेल असं धरून चालायचं, ही व्यवस्था होती.

त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी ३७.९ टक्के बायकांची नसबंदी झालेली होती, गोळी घेणाऱ्या होत्या ५.१ टक्के. महाराष्ट्रात नसबंदीचं प्रमाण त्याहून जास्त, जवळपास निम्म्यावर. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात ८२ लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, बहुतेक पुरुषांच्या. त्यानंतर पुरुष बाजूला झाले आणि दुर्बिणीच्या शिबिरांतून सारा भार बायकांवर आला. लक्ष्यं, बक्षिसं, डॉक्टरांची सोय अशी बरीच कारणं त्यामागे आहेत. पण लूप, तांबी, गोळी यांच्या अनुभवातून आलेलं ‘एकदाचं ऑपरेशन करून टाकू, कटकट नको’ हे बाईचं म्हणणंही त्यात आहे. दोन मुलांमध्ये अंतर ठेवायचं साधन मग फारसं कुणी वापरत नाही. मुलं लवकर लवकर होतात आणि पंचविशीच्या आसपास ऑपरेशन.

लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने यावर देशी उपाय काढला होता. सेंटक्रोमॅन, संप्रेरक नसलेली गोळी. १९९१ मध्ये ती ‘सहेली’ नावाने बाजारात आली, पुढे ‘छाया’ नावाने सरकारी कार्यक्रमात. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. मळमळ नाही, मधले डाग जवळजवळ नाहीत, अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. पण पाळी कधी कधी लांबते, आणि पाळी लांबली की पोटात गोळा येतो. डागाची भीती गेली तर चुकलेल्या महिन्याची भीती आली. २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत ‘अंतरा’ हे तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन मिळू लागलं. त्याने पहिले काही महिने रक्ताचा भरवसा राहत नाही आणि वर्षभराने निम्म्या बायकांची पाळी बंद असते. १९८१च्या अभ्यासात बायकांनी जे नको म्हटलं होतं, नेमकं तेच.

आता गोळ्यांचं पाकीट आणण्यासाठी हिर्डोशीच्या बाईला भोर गाठायची गरज नाही. २०११ पासून आशाताईंनी घरपोच साधनं द्यावीत अशी योजना आहे, गोळ्यांचं पाकीट एक रुपयाला. पावसाळ्यात वरंध घाटाची वाहतूक बंद पडते, दरड येते, एसटी थांबते, पण आशा गावातलीच असते. ती पाकीट देते तेव्हा काय सांगायचं हे प्रशिक्षणात ठरलेलं आहे. पाळीच्या पाचव्या दिवशी पहिली गोळी. रोज एकाच वेळेला. चुकली तर आठवताक्षणी. पहिल्या तीन महिन्यांत डाग पडला तर घाबरायचं नाही आणि गोळी थांबवायची नाही, कारण थांबवली की रक्त आणखी येतं आणि गर्भ राहायची शक्यता वाढते. रक्त पाळीसारखं भरपूर गेलं, पोटात दुखलं, पायात किंवा छातीत कळ आली, तर थेट दवाखाना.

तीन महिन्यांनंतरही डाग थांबत नसेल, किंवा वर्षभर सगळं सुरळीत असताना अचानक सुरू झाला, तर गोष्ट वेगळी. मग डॉक्टर आधी विचारतात, गोळ्या चुकतात का, अंगावरून पांढरं जातं का, पाळी चुकली आहे का. आणखी एक प्रश्न महाराष्ट्रातल्या खेड्यात विसरून चालत नाही: दुसरी कुठली औषधं चालू आहेत? १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की क्षयासाठी रिफाम्पिसिन घेणाऱ्या बायकांना गोळी चालू असतानाही मधेच रक्त जातंय. काहींना तर दिवस गेले. रिफाम्पिसिनमुळे यकृत गोळीतली संप्रेरकं झपाट्याने मोडून टाकतं. क्षयाच्या सहा महिन्यांच्या उपचारात हे औषध असतंच. तेव्हा टीबीच्या गोळ्या सुरू झालेल्या बाईला डाग दिसला, तर तिला ‘तीन महिन्यांत थांबेल’ असं सांगून चालत नाही. उपचार संपेपर्यंत आणि त्यानंतर चार आठवडे तिला दुसरं साधन द्यावं लागतं, तांबी किंवा निरोध.